दाजींचं लाकडी स्टीअरिंग

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाचं एक दुःख असतं आणि ते तो चारचौघांत बोलून दाखवत नाही. ती गाडी त्याला स्वतःला दिसतच नाही. बंपरला क्रोम करून आणलं, तर ते मागच्या रिक्षावाल्याला दिसतं. ग्रिल घासून लख्ख केली, तर समोरून येणाऱ्या पीएमपीच्या ड्रायव्हरला. दारांना दोन रंग काढले, तर त्याचं कौतुक बसस्टॉपवरची मंडळी करतात. ज्याने पैसे मोजले तो आत बसलेला असतो, आणि त्याला काय दिसतं? समोरच्या टेम्पोच्या पाठीवरचं ‘हॉर्न ओके प्लीज’ आणि हातातलं स्टीअरिंग. टेम्पो बदलणं आपल्या हातात नसतं. म्हणून माणूस स्टीअरिंग बदलतो.

आमच्या दाजींची गाडी म्हणजे १९७८ची प्रीमियर पद्मिनी. त्यांच्या वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळवलेली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने ही गाडी १९५४ साली फियाट ११०० म्हणून आणली. मग ती नावं बदलत बदलत १९७४मध्ये पद्मिनी झाली, पण पुण्यातल्या एका पिढीने तिला शेवटपर्यंत ‘फियाट’ असंच म्हटलं. दाजी अजून तसंच म्हणतात. १०८९ सीसीचं इंजिन, पुढे सोफ्यासारखी अखंड सीट आणि स्टीअरिंगच्या डाव्या बगलेतून बाहेर आलेला गिअरचा दांडा. या गाडीचं जे जे करता येईल ते सगळं दाजींनी निवृत्तीनंतर केलं होतं. सीटकव्हरं झाली, रंग झाला, डिकीत गालिचा झाला. करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा ते अस्वस्थ दिसू लागले. ताईला वाटलं, शुगर वाढली असेल.

शुगर नव्हती, नार्डी होतं.

संध्याकाळच्या चहाला मी गेलो की दाजी फोनमध्ये एक फोटो उघडून माझ्यापुढे धरायचे. चकचकीत अॅल्युमिनियमचे तीन आरे, भोवती मधाच्या रंगाचं लाकडी कडं आणि त्या कड्यावर एका रांगेत रिव्हेट. एन्रिको नार्डी हा इटलीचा इंजिनिअर. जन्म १९०७, मृत्यू १९६६. आधी लान्चियात होता, मग एन्झो फेरारीबरोबर काम केलं, पुढे तुरीन शहरात स्वतःचा कारखाना काढला. तिथे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्याने लाकडी स्टीअरिंगं बनवली आणि ती फेरारींत बसली. इतकी माहिती कोणत्याही शौकिनाला असते. दाजींकडे यापुढची होती.

“फेरारीने स्वतःची म्हणून पहिली गाडी कधी बनवली?” त्यांनी मला विचारलं.

मी चहा प्यालो.

“१९४० साली. नाव ‘८१५’. आल्फा रोमिओशी करार होता, म्हणून चार वर्षं स्वतःचं नाव लावायची बंदी. म्हणून नुसता आकडा. आठ सिलेंडर, दीड लिटर. ती गाडी चालवून तपासून कोणी दिली? नार्डीने. आणि तिची चासी कुठली? इंजिनाचे भाग कुठले? फियाट ५०८ सी. तिलाच पुढे फियाट ११०० म्हणायला लागले.” इथे ते थांबले. मुलाकडच्यांनी पत्रिका जुळल्याचं सांगताना थांबावं तसे. “म्हणजे फेरारी, नार्डी आणि आपली फियाट. गोत्र एकच.”

मी म्हणालो, “दाजी, ती ११०० वेगळी. आपल्या गाडीचा सांगाडा १९५३नंतरचा आहे. नाव तेच, कारखाना तोच, पण गाडी नवी.”

“म्हणजे चुलत. चुलत नातं नातं नसतं का?”

आतून ताईने विचारलं, “मग त्या ८१५चं झालं काय?”

दाजी जरा दबकत म्हणाले, “त्याच वर्षी दोन गाड्या शर्यतीत उतरवल्या होत्या. एक तर आल्बेर्तो आस्कारीच्या हातात. दोन्ही मध्येच बंद पडल्या.”

“मग नातं सख्खंच आहे,” ताई म्हणाली.

लाकडाचा हा मोह फक्त दाजींचा नाही. जग्वार ई-टाईप १९६१ साली आली ती लाकडी कड्याचं स्टीअरिंग घेऊन. ‘गोल्डफिंगर’मध्ये जेम्स बाँड ज्या अॅस्टन मार्टिनमधून जातो, तिच्यातही लाकूडच. लाकूड बर्फात हाताला चावत नाही, उन्हात भाजत नाही, रस्त्याची थरथर थोडी मुरवतं. ही झाली सांगायची कारणं. खरं कारण असं की इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल या गोष्टींना गाडीवाला कधी हात लावत नाही. त्याचा हात तासन्‌तास असतो तो एका गोल कड्यावर. ते कडं जर इटालियन असेल, तर पुढचं सगळं इटालियन आहे असं मानायला मन तयार होतं. दाजींचं मन तर आधीच तुरीनला जाऊन बसलं होतं.

आपल्या मराठी मध्यमवर्गाचा आणि लाकडाचा संबंध मोठा मजेशीर आहे. वाडे पाडले तेव्हा सागवानी तुळया, खांब, कडीपाट टेम्पोत घालून जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला दिले. फ्लॅटमध्ये आल्यावर प्लायवूडवर लाकडाचं चित्र असलेला सनमायका चिकटवला. पुढे मोटारी आल्या तेव्हा डॅशबोर्डवर ‘वुड फिनिश’ नावाचं प्लास्टिक लावलं. तीन पिढ्या खरं लाकूड विकून खोटं लाकूड विकत घेण्यात गेल्या, आणि आता दीड वीत व्यासाच्या खऱ्या लाकडासाठी दाजी रात्र रात्र जागत होते.

अर्थात परदेशातून मागवण्याआधी स्वदेशीचा प्रयत्न झालाच. दाजींच्या सोसायटीच्या जिन्याखाली त्यांच्या जुन्या वाड्याच्या दाराची चौकट पडलेली होती. शंभर वर्षांचं सागवान. ती घेऊन आम्ही एका सुतारांकडे गेलो. सुतारांनी फोटो पाहिला, चौकट पाहिली, मग दाजींकडे पाहिलं.

“काका, फळीतून गोल कापून देऊ का?”

“हो. अखंड. सांधा नको.”

“मग मोडंल.”

त्यांनी चौकटीच्या कडेवर नखाने रेघ ओढून दाखवली. लाकडाचे धागे एकाच दिशेने जातात. फळीतून कडं कापलं, तर दोन जागी धागा कड्याच्या लांबीने जातो आणि दोन जागी आडवा येतो. जिथे आडवा येतो तिथे ते बिस्किटासारखं तुटतं. “बैलगाडीचं चाक बघा. घेर कधी एका फळीतनं कापलाय का कुणी? तुकडं जोडत्यात. धागा घेराबरोबर वळाय पाहिजे.” स्टीअरिंग बनवणारेही तेच करतात. लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून एकावर एक चिकटवतात, किंवा तुकड्यांचे सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे जोडतात आणि मधे धातूचा सांगाडा ठेवतात. सगळा भार तो धातू घेतो. लाकूड हातासाठी असतं.

ही माहिती सुतारांनी फुकट दिली. कडं करून द्यायचा मात्र जो भाव सांगितला, तो ऐकून दाजींनी चौकट पुन्हा जिन्याखाली ठेवली.

मग भाची जर्मनीहून सुटीवर येणार होती, तिच्या सामानात वापरलेलं नार्डी आलं. तिच्या बॅगेत तेवढ्या जागेत किती चॉकलेटं बसली असती याचा हिशेब ताईने पुढे बरेच दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितला. मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडायला लावली म्हणे. साहेबांनी वस्तू हातात घेऊन विचारलं, हे काय आहे? भाची म्हणाली, स्टीअरिंग. साहेबांनी बॅगेत आणखी एकदा नीट बघितलं. बाकीची गाडी कुठे आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ती कोथरूडला आहे असं कळल्यावर त्यांनी बॅग बंद केली.

इथपर्यंत सगळे लोक असं समजून असतात की आता फक्त जुनं काढायचं आणि नवं बसवायचं. बल्ब बदलतो तसं. पण बाजारातलं स्टीअरिंग थेट गाडीला बसत नाही. गाडीच्या दांड्याच्या टोकाला बारीक दाते असतात. प्रत्येक कंपनीचे दाते वेगळे. स्टीअरिंगच्या मधोमध मात्र नुसतं भोक आणि भोवती सहा बोल्टची छिद्रं. या दोघांच्या मधे जो दुवा लागतो, त्याला सगळे ‘बॉस’ म्हणतात. आतून दाते, बाहेरून चकती. आपल्याकडच्या कचेऱ्यांत वरच्यांचं खालच्यांशी जुळत नाही म्हणून मधे साहेब बसवतात, हे मी दाजींना म्हणालो. ते तीस वर्षं सरकारी नोकरीत होते. त्यांना विनोद वाटला नाही.

पद्मिनीसाठी तयार बॉस नाना पेठेत कुणाकडे मिळाला नाही. लेथवर करून घ्यावा, तर लेथवर गोल होतं, आतले दाते होत नाहीत. त्याला वेगळं मशीन लागतं आणि एका नगासाठी ते कुणी लावत नाही. अशा वेळी गॅरेजवाल्यांचा ठरलेला तोडगा असा, की त्याच गाडीचं दुसरं जुनं स्टीअरिंग आणायचं, त्याचा मधला दात्यांचा भाग कापून काढायचा आणि त्यावर नवी चकती वेल्ड करायची. म्हणजे एक स्टीअरिंग बदलायला दुसरं स्टीअरिंग मारावं लागतं.

ते दुसरं मिळालं मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, लोकांनी फोटो काढले, सगळे हळहळले. जुन्या बाजारातला माणूस हळहळला नव्हता. त्याने सुटे भाग घेऊन ठेवले होते. ताडपत्रीवर गाडीची अर्धी कुंडली मांडलेली होती आणि त्यात एक काळं स्टीअरिंग. जिथे हात धरला जातो तिथे ते घासून गुळगुळीत झालेलं.

“टॅक्सीचं आहे?” दाजींनी विचारलं.

“नाय काका, डॉक्टरची गाडी. फक्त दवाखान्यात जायची.”

जुन्या बाजारातली प्रत्येक वस्तू डॉक्टरची असते, हे तिथे जाणाऱ्याला माहीत असतं.

वेल्डिंग झालं, चकती झाली. चकतीला सहा छिद्रं पाडून टर्नरने बॉस दाजींच्या हाती ठेवला. दाजींनी नार्डी त्यावर ठेवलं. एकही बोल्ट आत जाईना. इथे मला एक जागतिक मतभेद समजला, ज्याच्यावर संयुक्त राष्ट्रसंघात अजून चर्चा झालेली नाही. नार्डीची सहा छिद्रं ७४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. मोमोची ७० मिलिमीटरच्या. मोमो म्हणजे जानपिएरो मोरेत्तीची कंपनी. मोरेत्ती आणि मोंझा या दोन नावांची पहिली अक्षरं घेऊन झालेली. दोघे इटालियन, दोघे स्टीअरिंगवाले, दोघांची सहा छिद्रं. आणि दर छिद्रामागे दोन मिलिमीटरचा फरक. दोन मिलिमीटरसाठी भावकी तुटते, हे आपण कोकणात बांधावर बघितलं आहे, इटलीतही तसंच आहे.

टर्नरने मोमोचा आकडा धरला होता. आता तो म्हणाला, “स्टीअरिंगची भोकं जरा मोठी करू. ड्रिल मारतो. दोन मिनिटं.”

दाजींनी नार्डी छातीशी धरलं. अख्ख्या वर्कशॉपमध्ये क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग टर्नर समंजस निघाला. त्याने चकती ३० अंशांत फिरवून जुन्या छिद्रांच्या मधोमध नवी सहा पाडून दिली. तो बॉस आता बारा छिद्रांचा आहे. दाजी म्हणतात, उद्या मोमो घेतलं तरी चालेल. ताई म्हणते, उद्या घेऊन तर बघा.

प्रत्यक्ष बसवण्याचा कार्यक्रम मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये झाला. शेजारचे एक निवृत्त बँक मॅनेजर, मी, दाजी, मिस्त्री आणि मिस्त्रींचा पोऱ्या. मिस्त्रींनी आधी बॅटरीची वायर काढली. मग मधला नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही. चार आटे तसेच ठेवले. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, काढत का नाही? मिस्त्री म्हणाले, “बघा.” पुलर लावला, बोल्ट आवळत नेला, आवळत नेला, आणि एकाएकी बंदुकीसारखा आवाज होऊन स्टीअरिंग सुटलं आणि त्या नटाला येऊन थडकलं. नट नसता तर ते कुठे थडकलं असतं, हे मिस्त्रींनी स्वतःच्या पुढच्या दोन सोन्याच्या दातांकडे बोट दाखवून समजावलं. पुलर न वापरता दोन्ही हातांनी ओढून स्टीअरिंग काढणाऱ्यांचे दात कुठल्या डॉक्टरांकडे बसवून मिळतात, तेही सांगितलं.

नवं बसलं. मिस्त्रींनी बॅटरी जोडली आणि गाडीने प्रतिक्रिया द्यायला सुरुवात केली.

पहिली इंडिकेटरची. वळण संपून स्टीअरिंग सरळ झालं की इंडिकेटर आपोआप बंद व्हावा म्हणून जुन्या चाकाच्या पाठीला एक छोटी खुंटी होती. ती कापाकापीत गेली. आता दाजींनी स्वारगेटला डावा इंडिकेटर दिला की तो डेक्कनपर्यंत टिकटिकत राहतो. पुण्यात यामुळे कुणाची गैरसोय झाल्याचं ऐकिवात नाही. इंडिकेटर बघून त्यावर विश्वास ठेवणारा माणूस इथे अजून जन्माला यायचा आहे.

दुसरी हॉर्नची. स्टीअरिंग फिरतं, पण हॉर्नची वायर फिरून पिळून जायला नको, म्हणून मधे एक गोल पितळी पट्टी असते आणि तिच्यावर घासत राहणारा स्प्रिंगचा कॉन्टॅक्ट. हॉर्नचं बटण म्हणजे नुसतं अर्थिंग देणं. नव्या बॉसमध्ये ती वायर एका धारदार कडेला टेकत होती. परिणामी गाडी डावीकडे वळवली की हॉर्न वाजे, उजवीकडे वळवली की थांबे. कर्वे रस्त्यावरून दाजी डावीकडच्या गल्लीत वळले तेव्हा हॉर्न वळण संपेपर्यंत वाजला. पुढे चाललेल्या आजोबांनी मागे वळून “ऐकू येतंय” एवढंच म्हटलं आणि गल्लीच्या मधूनच चालत राहिले. मिस्त्रींनी नंतर वायरवर नळी चढवली, पण मला ती मूळची सोय अधिक पसंत होती.

तिसरी अंतराची. बॉसची जाडी दोन इंच. तेवढं चाक ड्रायव्हरकडे सरकलं. गिअरचा दांडा आणि इंडिकेटरची दांडी आपल्या जागीच राहिली. म्हणजे एकीकडे चाक दाजींच्या पोटाला टेकू लागलं आणि दुसरीकडे बोटं गिअरपर्यंत पोहोचेनात. पोट आणि बोट यांची ही ओढाताण मिस्त्रींनी थोडं शास्त्रीय करून सांगितली. सीट मागे घ्या म्हणजे पोट सुटेल. सीट मागे घेतली की गिअर आणखी लांब. गंमत म्हणजे या प्रश्नावरही नार्डीकडे उत्तर होतं. लान्चिया ऑरेलियाचा गिअर असाच स्टीअरिंगला होता आणि तो खाली जमिनीवर आणणारी सामग्री नार्डी विकायचा. हे दाजींना माहीत आहे हे ताईला माहीत नाही. कृपया हा अंक तिच्या हाती जाऊ देऊ नका.

चौथी गोष्ट तक्रार म्हणता येणार नाही, भौतिकशास्त्र आहे. पद्मिनीला पॉवर स्टीअरिंग नाही. मूळचं चाक मोठं होतं ते शोभेसाठी नव्हतं. मोठ्या घेरावर कमी जोर लागतो. व्यास दहा टक्क्यांनी कमी केला की तेच चाक फिरवायला सुमारे अकरा टक्के जास्त जोर लागतो. चालत्या गाडीत हे जाणवत नाही. उभ्या गाडीत, सदाशिव पेठेत, दोन अॅक्टिव्हांच्या मधे, उलटं घेताना जाणवतं. नार्डीची सगळी चित्रं पाहा. एकाही चित्रात ती गाडी पार्किंग करत नाही. डोंगरातला रस्ता असतो, खाली तळं असतं, माणसाच्या हातात जाळीचे हातमोजे असतात.

हातमोजे आलेच. पॉलिश केलेल्या लाकडावर घामट हात सरकतो, म्हणून त्या काळी तळव्याला चामडं आणि पाठीला विणलेली जाळी असे हातमोजे वापरत. दाजींनी ते आणले. मे महिन्यात. फाटकातून बाहेर पडताना वॉचमनने त्यांना विचारलं, “साहेब, हाताला काय भाजलं?”

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. ज्या नव्या गाडीच्या स्टीअरिंगमध्ये एअरबॅग आहे, तिला असलं काही बसवण्याच्या फंदात कुणी पडू नये. लाकडाचा शौक ज्या काळातला आहे, त्या काळात अपघातात स्टीअरिंगचा दांडा भाल्यासारखा छातीवर यायचा. आदळल्यावर दबून जाणारी रचना अमेरिकेत नव्या मोटारींना सक्तीची झाली ती १९६८पासून. आणि लाकूड फुटतं तेव्हा त्याच्या सळया होतात. दाजी ताशी चाळीसच्या वर जात नाहीत, गाडीत पट्टे लावून घेतलेत आणि कापलेला-जोडलेला बॉस त्यांनी दुसऱ्या दोन वेल्डरना दाखवून खात्री करून घेतली. शौक करणाऱ्याने एवढी भीती बाळगावी.

पण खरी भीती वेल्डिंगची नसते, शुद्धतावाद्यांची असते. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एक तरी गृहस्थ असतो जो गाडीभोवती हात मागे बांधून फिरतो, खिडकीतून डोकं आत घालतो आणि पाहुण्यांच्या घरी जेवणात मीठ कमी आहे अशा सुरात म्हणतो, “हे ओरिजिनल नाही.” २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. दाजींची गाडी अजून पन्नाशीला आली नाही. त्या गृहस्थांनी नियम ऐकवल्यावर दाजी म्हणाले, “चासी, बॉडी, इंजिन मूळचंच आहे.” गृहस्थ म्हणाले, “पण स्पिरिट?” दाजींनी त्यांना नखशिखान्त पाहिलं. गृहस्थांच्या डोक्यावर केसांचा टोप होता. दाजी सभ्य माणूस, काही बोलले नाहीत.

त्यानंतर दसरा आला. ताईने गाडीची पूजा केली. पुढे झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक. मग आत वाकून, नवीन वस्तू म्हणून, स्टीअरिंगला मनापासून हळद-कुंकू लावलं. बारीक भेगेत शिरलेलं कुंकू पुसल्यावर जायच्याऐवजी पसरलं. इटालियन मॅहॉगनीवर वरच्या बाजूला, बारा वाजतात त्या जागी, आता एक लालसर डाग आहे. दाजी दोन दिवस बोलले नाहीत. भाचीने जर्मनीहून सांगितलं, की रेसिंगच्या स्टीअरिंगला वरच्या मध्यावर रंगीत खूण असतेच, चाक सरळ आहे का हे कळावं म्हणून. तेव्हापासून दाजी तो डाग लोकांना दाखवतात.

आणि त्या डागानेच पुढचा खर्च काढला. कारण गाडी सरळ जाताना तो डाग बारावर येत नव्हता. साडेबारावर यायचा. दात्यांवर एक दात इकडे बसवला की साडेबारा, तिकडे बसवला की साडेअकरा. बरोबर बारा नाहीच. काळ्या प्लास्टिकचं होतं तेव्हा चाळीस वर्षं ते वाकडं होतं का, हे कुणी पाहिलंही नव्हतं. आता चकाकणारे तीन आरे रोज चुगली करत. वर लाकडाचं कडं बारीक. त्यातून स्टीअरिंगचा ‘प्ले’ हातात येऊ लागला. चाक या बाजूला दोन बोटं, त्या बाजूला दोन बोटं फिरतं आणि गाडी काहीच म्हणत नाही. अलाइनमेंटवाल्याने खाली झोपून पाहिलं आणि तिथूनच यादी वाचायला सुरुवात केली. टायरॉड एंड गेलेत, ते बदलल्याशिवाय मध्य येणार नाही. स्टीअरिंग बॉक्स उघडावा लागेल. बॉक्स उघडतोच आहे तर सील घालू. सील घालतोच आहे तर पुढचे बुश. एका हार-नथीसाठी नवरीचं सगळं घर रंगवून काढावं लागतं, तसं चाललं होतं. दाजी मान डोलवत होते. मला वाटतं ते आनंदात होते. गाडीत करण्यासारखं पुन्हा बरंच काही निघालं होतं.

ते सगळं झालं आणि डाग बारावर आला. दाजींनी आम्हाला सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत न्यायचं ठरवलं. हातमोजे घातले, काच खाली केली, कोपर बाहेर ठेवलं. ताई मागे पिठलं-भाकरीचा डबा घेऊन. गाडी खरंच लोण्यासारखी चालली होती. नांदेड फाट्याच्या सिग्नलला शेजारी एक रिक्षा येऊन थांबली. रिक्षावाला साठीचा असेल. त्याने आत पाहिलं. स्टीअरिंगकडे पाहिलं, चांगलं निरखून. दाजी थोडे सरसावून बसले. त्यांनी हात जरा खाली घेतला, म्हणजे रिव्हेट दिसावेत.

“फियाट ना काका?”

“फियाट.”

“मी मुंबईत टॅक्सी चालवायचो. हीच.” मग त्याने जरा आवाज उतरवून, समोरच्याला वाईट वाटू नये अशा बेताने विचारलं, “ओरिजिनल स्टीअरिंग तुटलं का हो? लाकडाचं करावं लागलं?”

दाजींनी तोंड उघडलं, पण तुरीनपासून सुरुवात करायला सिग्नलचे सात सेकंद उरले होते.

“जुन्या बाजारात जा,” रिक्षावाला म्हणाला. “काळं मिळतं, कंपनीचं. चारशेला देईल. कशाला हातानं लाकडं कोरत बसता या वयात.”

सिग्नल सुटला. रिक्षा निघून गेली. मागून ताईने पुढच्या सीटवर हात ठेवून विचारलं, “चारशेला? अहो, मग ते आपलं काढलेलं कुठे ठेवलंय?”